बोटाचें वजन

एखाद्या वाद्याचें गुणदोषविवेचन करावयाचें झालें, म्हणजे त्याचा आवाज गोड आहे कीं कर्कश, हा प्रश्न बहुधा आधीं विचारला जातो. आमच्या मतें त्याहून महत्त्वाचा प्रश्न निराळाच आहे. वाजविणाऱ्याच्या हातांत जें आहे, त्यांतलें किती त्या वाद्याला कळतें? सतारीच्या तारेला नखीचा जोर कळतो. तबल्याच्या शाईला बोटाचा कोनसुद्धां कळतो. उलट सुमारें चाळीस वर्षांपूर्वींच्या पुष्कळशा सिंथेसायझरांना, पट्टी दाबली गेली कीं नाहीं, एवढेंच काय तें कळत असे. हळुवार स्पर्श व घणाचा घाव त्यांस सारखेच. ही उणीव यंत्राच्या अंतरंगांत लिहून ठेवलेल्या आज्ञावलींत, म्हणजे ज्याला फर्मवेअर म्हणतात त्यांत, फेरफार करून भरून काढण्याचा उद्योग अलीकडे हौशी तंत्रज्ञांनीं चालविला आहे. संगीताच्या दृष्टीनें त्याचें मूल्य काय, एवढाच विचार येथें कर्तव्य आहे.

वाद्याला बोटाचा वेग कळतो कसा, तें प्रथम पाहूं. असें ज्ञान असलेल्या वाद्यांत सामान्यतः प्रत्येक पट्टीखालीं विजेचे दोन स्पर्शबिंदु असतात. पट्टी खालीं जातांना एक आधीं जुळतो व दुसरा किंचित् मागाहून. मधला काळ जितका थोडा तितका आघात जोराचा, असा हिशेब यंत्र करतें आणि १ ते १२७ यांमधला एक आंकडा ठरवितें. १९८३ सालीं प्रचारांत आलेल्या मिडी नामक संकेतामुळें हा आंकडा एका वाद्याकडून दुसऱ्याकडे धाडतां येतो. आतां ज्या जुन्या वाद्यांत पट्टीखालीं एकच स्पर्शबिंदु आहे, तेथें नुसती आज्ञावली बदलून पट्टीला हें ज्ञान येणार नाहीं. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? परंतु बाहेरच्या जाणत्या पट्ट्यांवरून आलेला आंकडा ऐकून त्याप्रमाणें वागण्यास त्या वाद्याला शिकवितां येतें. सीक्वेन्शियल सर्किट्स या अमेरिकन कंपनीचें १९८२ सालचें प्रॉफेट-६०० हें याचें बोलकें उदाहरण होय. त्यांतील झेड-८० प्रोसेसर काढून त्या जागीं एक लहानशी नवी पाटी बसवितात व ‘ग्लिग्लि’ या टोपणनांवाच्या तंत्रज्ञानें रचलेली आज्ञावली तींत घालतात. मग आलेल्या वेगाप्रमाणें स्वर लहानमोठा व मंद-उजळ होऊं लागतो. काढलेला प्रोसेसर जपून ठेविला, तर वाद्य पूर्ववत् करतां येतें. तेव्हां जुन्या वस्तूला बाट लागली अशी ओरड करण्याचें कारण नाहीं.

ही सुधारणा आमच्या संगीताच्या कितपत उपयोगी पडेल, हें ठरविण्यास मुंबईंतच एक कसोटी उपलब्ध आहे. चित्रपटसंगीतांतील वादक चरणजित सिंग यांनीं १९८२ सालीं दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून ध्वनिमुद्रित केले. रागांसाठीं ज्युपिटर-८, खर्जाच्या बाजूला टीबी-३०३ व ठेक्याला टीआर-८०८, अशी रोलंड कंपनीचीं तीन यंत्रें त्यांनीं योजिलीं. ध्वनिमुद्रिका त्या काळीं फारशी खपली नाहीं. २०१० सालीं ती पुन्हां निघाली, तेव्हां शिकागोंतून १९८७ च्या सुमारास पुढें आलेल्या ‘ॲसिड हाऊस’ या नृत्यसंगीताची ही पूर्वखूण, म्हणून पाश्चात्त्य रसिकांनीं तिचें कौतुक केलें. तें कौतुक यथार्थ असेल. पण रागसंगीताच्या श्रोत्याला तेवढ्यावर थांबतां येत नाहीं.

ज्युपिटर-८ ला बोटाचा वेग कळत नाहीं. तरीही भैरवी भैरवी वाटते व यमन यमन वाटतो, याचें श्रेय स्वरावरून स्वरावर घसरत जाण्याच्या त्या यंत्राच्या सोयीला व ती कोठें वापरावी हें जाणणाऱ्या वादकाला आहे. टीबी-३०३ मध्यें तर कोणत्या स्वरावर जोर द्यावयाचा तें आधींच नोंदून ठेवतां येतें. तेथें वजन बोटानें न पडतां योजनेनें पडतें. इतकें असूनही ललित किंवा तोडी ऐकतांना कांहीं उणें भासतें. स्वर येतात, जातात. थांबून श्वास घेत नाहींत. वेगाचें ज्ञान असतें तर ही उणीव भरून निघाली असती काय? आमच्या मतें, नाहीं. वेग हा स्वराच्या जन्मक्षणाचा गुण आहे. पियानोला तो सर्वस्व वाटतो, कारण हातोडी तारेवर आदळल्यावर तो स्वर वाढविणें वादकाच्या हातीं राहत नाहीं. आमच्या गवयाचें काम स्वर लागल्यानंतर सुरू होतें. लागलेला स्वर तो भरतो, फुलवितो, विरवितो.

याचा पडताळा पाहण्यास दूर जावयास नको. निफाडसारख्या गांवच्या भजनापासून संगीत नाटकापर्यंत सर्वत्र वावरलेली पेटी पाहावी. तिच्या पट्टीलाही वेग कळत नाहीं; ती केवळ हवेला वाट करून देते. परंतु दुसरा हात भात्यावर असतो, आणि स्वराच्या आदीपासून अंतापर्यंत त्याचा प्राण त्या हातांत राहतो. पेटीवर आक्षेप आले ते तिच्या अचल स्वरांवर. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल व क्लेमेंट्स साहेब यांनीं बावीस श्रुतींची पेटी घडविण्याचा प्रयत्न केला. ऑल इंडिया रेडिओनें तर १९४० सालीं तिला दार बंद केलें, तें १९७१ पर्यंत. पण गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनीं तिला मैफलींत मान मिळवून दिला, तो पट्ट्यांची रचना पालटून नव्हे. साध्या पेटींतूनच बोट व भाता यांचा मेळ साधून.

म्हणून जुन्या सिंथेसायझरांना नवी आज्ञावली देणाऱ्यांस आमचें सांगणें एवढेंच. वेग अवश्य द्यावा. ठेक्याचें, तोड्याचें, द्रुत तानेचें वजन त्यानें उठावदार होईल. परंतु तेथेंच थांबूं नये. यामाहाच्या १९७७ सालच्या सीएस-८० मध्यें पट्टी दाबल्यावर तिच्यावर पडणारा पुढचा दाबही प्रत्येक पट्टीला निरनिराळा कळत असे. मिडी संकेतांतही दाबाची व फुंकरीची सोय आहे. आमच्या संगीताला हवा आहे तो भाता, आणि तो या दाबांत आहे. पाश्चात्त्यांची गरज पियानोच्या वळणाची, म्हणून ते वेगाच्या मागें लागले. त्यांचें अनुकरण करतांना आपली गरज कोणती, तें आपण आधीं ठरविलें पाहिजे. लग्नमंडपांत, चित्रपटांत, आतां भजनांतही हीं वाद्यें शिरलीं आहेत. त्यांना कान द्यावयाचा, तर तो आपल्या गाण्याचा द्यावा.