पेळूच्या आधीचं काम

दरवर्षी २ ऑक्टोबरला ठिकठिकाणी सूतकताईची प्रात्यक्षिकं होतात. पेटी चरखा उघडतो, तयार पेळूतून धागा निघतो, लोक फोटो काढतात. आमची तक्रार कातणाऱ्या हाताबद्दल नाही. तो हात सफाईदारच असतो. तक्रार आहे ती मांडणीबद्दल. सरकी काढणं, कापूस पिंजणं, पेळू वळणं हे सगळं आधीच उरकलेलं असतं. नंतर गुंडी करणं, सुताचा नंबर आणि कस तपासणं, तेही कुणी दाखवत नाही. मग बघणाऱ्याला वाटतं, कताई म्हणजे घटकाभराचं ध्यान. आणि तोच माणूस खादी भांडारात म्हणतो, ‘एवढी महाग कशी?’

१९२४ च्या बेळगाव काँग्रेसनं सभासदाकडून महिन्याला २००० वार सूत मागितलं होतं. १९३५ मध्ये चरखा संघानं कातणाऱ्यांना जगण्यापुरती मजुरी मिळावी, असा ठराव केला. म्हणजे तेव्हा सुताला हिशेब होता.

आमचं म्हणणं एवढंच आहे : धागा तुटू द्या, बघणाऱ्यालाच तो जोडू द्या. तासाभराचं सूत मोजा आणि त्याची मजुरी फळ्यावर लिहा. टाळ्या कमी पडतील, पडू देत. भाव विचारताना जीभ तरी जरा अडखळेल.