सादर न झालेला अहवाल

‘आंतरराष्ट्रीय मानवाधिकार संस्था आणि राजकीय दबाव’ असा विषय मला दिलेला आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेनं मानवाधिकार परिषदेतून अंग काढून घेतलं, त्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयावर निर्बंधांचा आदेश काढला. तेव्हापासून ‘आता या संस्था संपल्या’ असं ऐकू येतं. या म्हणण्यात एक गृहीतक दडलेलं आहे, ते असं की पूर्वी कधीतरी या संस्था दबावातून मोकळ्या होत्या. हे गृहीतक मला मान्य नाही. ते तपासायला जिनिव्हाला जायची गरज नाही. आपल्या छावणीला लागून असलेल्या नागसेनवनाचा इतिहास पुरे.

१९४६ साली अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या एका संघटनेनं संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केला. ते कळल्यावर बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागवल्या. भारतातले अस्पृश्यही तसाच विचार करत आहेत, असं त्यांनी त्यात कळवलं होतं. पुढच्या वर्षी डू बॉइस यांच्या पुढाकारानं आणखी एक सविस्तर निवेदन गेलं. त्याचं काय झालं? सोव्हिएत युनियननं ते उचलून धरलं, अर्थात प्रेमापोटी नव्हे. आणि अमेरिकेनं ते अडवलं. तेव्हाच्या मानवाधिकार आयोगाच्या अध्यक्ष एलिनॉर रूझवेल्ट होत्या. आयोगानं तर १९४७ मध्येच स्वतःबद्दल ठरवून टाकलं होतं की आलेल्या तक्रारींवर कारवाई करण्याचा आपल्याला अधिकारच नाही. म्हणजे बघा, जाहीरनामा यायचा होता १९४८ च्या १० डिसेंबरला, पण तक्रारपेटीला कुलूप त्याच्या आधीच लागलेलं. ते थोडंफार किलकिलं झालं १९६७ मध्ये.

आता नागसेनवनाकडे येऊ. १ सप्टेंबर १९५१ रोजी तिथं राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते मिलिंद महाविद्यालयाची कोनशिला बसली. त्याच महिन्याच्या २७ तारखेला बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १० ऑक्टोबरच्या निवेदनात त्यांनी जे सांगितलं त्याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. हिंदू कोड बिलाबद्दल सगळे बोलतात. पण अनुसूचित जातींच्या स्थितीवर संयुक्त राष्ट्रांसाठी आपण अहवाल तयार केला होता आणि तो सादर केला नाही, हेही त्यात आहे. कारण त्यांनीच दिलं: आधी संविधान सभेला आणि पुढच्या संसदेला संधी द्यावी. आणि त्याच निवेदनात, स्थिती बदललेली नाही, असंही ते म्हणतात.

हा प्रश्न परत जिनिव्हात पोचला तो वेगळ्या वाटेनं. १९६५ चा वांशिक भेदभाव निर्मूलनाचा करार घ्या. त्याच्या पहिल्या अनुच्छेदात भेदभावाचे पाच आधार आहेत: वंश, वर्ण, जन्मकूळ, राष्ट्रीय मूळ, वांशिक मूळ. यातलं ‘जन्मकूळ’ कुणी घालायला लावलं? भारतानं! आणि २००१ मध्ये डर्बनच्या परिषदेत जातीचा उल्लेख येऊ नये म्हणून जोर लावला तोही भारतानंच. युक्तिवाद होता, जात म्हणजे वंश नव्हे.

तर्कशास्त्राचा मास्तर म्हणून मला इथं थांबावंच लागतं. विधान खरं आहे. जात म्हणजे वंश नव्हे हे बाबासाहेबांनीच १९३६ मध्ये ठामपणे मांडलं होतं. पण त्यावरून निघालेला निष्कर्ष खोटा आहे. पाच आधारांपैकी एक लागू होत नाही म्हणून बाकीचे चार आपोआप बाद होत नाहीत. जात जन्मानं मिळते की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर आपल्या गावच्या मसणवट्यातही मिळतं. त्या वेळी दिल्लीत बरीच विद्वान मंडळी ‘वंश’ या शब्दावरच भांडत बसली. सरकारला तेच हवं असणार. दबाव नेहमी धमकीच्या रूपात येत नाही हो; कित्येकदा तो व्याख्येच्या रूपात येतो, आणि विद्वान त्याला आनंदानं खांदा देतात.

डर्बनच्या जाहीरनाम्यात जात आली नाही. पण करारावर देखरेख करणारी १८ तज्ज्ञांची समिती आहे. तिनं पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, आपल्या २९ व्या सर्वसाधारण शिफारशीत स्पष्ट केलं की जन्मकुळात जात येते. या तज्ज्ञांना निवडून देतात ती राज्यंच. तरीही त्यांनी हे केलं. म्हणून ‘या संस्था कुचकामी’ म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. सरकारनं स्वतः लिहिलेला शब्द सरकारवरच उलटवता येतो, फक्त तो वाचणारा कुणी हवा.

अडचण पुढे आहे. याच कराराचा अनुच्छेद १४ व्यक्तीला थेट समितीकडे तक्रार करू देतो, पण तिच्या देशानं तशी मान्यता दिली असेल तरच. दक्षिण आफ्रिकेनं ती दिली. भारतानं करार मंजूर केला १९६८ मध्ये, ही मान्यता मात्र दिलेली नाही. त्यामुळे जालन्याच्या किंवा परभणीच्या एखाद्या बाईला या करारान्वये अर्ज करायचा म्हटलं, तर अर्ज कुणाच्या नावे लिहायचा, इथूनच अडतं.