सविस्तर पत्र मागाहून

नारायणगावजवळ खोडदच्या शिवारात जाळीच्या अजस्र तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या आहेत. आसपासच्या धरून एकूण 30, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. जीएमआरटी या जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बिणीची पाळंमुळं शोधत मागे गेलं की हाती लागते एक तार. अर्जाला आलेलं इतकं देखणं उत्तर मी दुसरं वाचलेलं नाही.

सप्टेंबर 1961. गोविंद स्वरूप, टी. के. मेनन, एम. आर. कुंडू आणि टी. कृष्णन या परदेशात काम करणाऱ्या चौघांनी भारतातल्या संस्थांना एकत्रित प्रस्ताव पाठवला: आम्ही परत येतो, रेडिओ खगोलशास्त्राचा गट उभारू द्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या होमी भाभांनी जाणकारांची मतं घेतली आणि जानेवारी 1962 मध्ये तार केली. आशय एवढाच: गट स्थापन करायचं आम्ही ठरवलं आहे, नेमणुकीचं पत्र मागाहून येत आहे.

प्रस्तावाची स्तुती नाही, संस्थेची थोरवी नाही. ज्यासाठी चौघांचा जीव टांगणीला लागला होता, तो निर्णय पहिल्याच वाक्यात. आणि दुसऱ्या वाक्याचं मोल मला अधिक वाटतं. पुढचं पत्र कोण लिहिणार, हे ते सांगून टाकतं. पाठपुराव्याचं ओझं मागणाऱ्याच्या खांद्यावरून उतरवून निर्णय देणाऱ्याने स्वतःकडे घेतलं आहे. ते पत्र आलंही; गट अपेक्षेला उतरला तर याहून कितीतरी मोठं काम उभं राहू शकेल, असं भाभांनी त्यात लिहिलं. स्वरूप 1963 मध्ये परतले. आधी उटीची दुर्बीण झाली, मग खोडदची.

आज याच भागातल्या अवसरीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलेली मुलं चाकणच्या कंपन्यांना अर्ज करतात आणि आठवड्याने दुसरा मेल टाकतात: ‘सर, माझ्या अर्जाचं काय झालं?’ या ओळीत तगमग खरी आहे, पण वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. पद कोणतं, अर्ज कधी केला, त्यानंतर नवीन काय शिकलो, कधी रुजू होऊ शकतो, हे चार ओळींत आलं तर त्याच मेलला वजन येतं. चौघांच्या प्रस्तावातही याचनेपेक्षा कामाचा आराखडा होता.

माझं मागणं मात्र मेल वाचणाऱ्यांकडे अधिक आहे. नकार असला तरी तो पहिल्या ओळीत कळवा; ठरलं नसेल तर कधी कळवणार ती तारीख द्या, आणि त्या तारखेला कळवा.