नाव राणीचे, घर व्यापाऱ्याचे : मोर्ले येथील एका संरक्षित वास्तूचे पुनर्वाचन

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील मोर्ले या जुन्या शहरात ‘डचेस अ‍ॅनचे घर’ म्हणून ओळखली जाणारी लाकडी सांगाड्याची वास्तू आहे. १८८३ मध्ये तिला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला. कोरीव मूर्ती आणि रस्त्यावर पुढे आलेले मजले यांमुळे तिच्या दर्शनी भागाचे कौतुक होते. तथापि हा दर्शनी भाग आणि हे नाव या दोहोंमुळे वास्तूचा खरा आशय झाकला जातो.

प्रथम नावाचा विचार करू. ब्रिटनीची डचेस व फ्रान्सची राणी अ‍ॅन १५०५ मध्ये मोर्ले येथे आली होती आणि १५१४ मध्ये तिचे निधन झाले. घराचे बांधकाम मात्र १५३० च्या सुमाराचे मानले जाते. साहजिकच तिच्या वास्तव्याची कथा कालक्रमाच्या कसोटीवर टिकत नाही.

या घराचे मर्म त्याच्या अंतर्भागात आहे. पुढची व मागची दालने यांच्यामध्ये छतापर्यंत मोकळे, वरून प्रकाश घेणारे उंच दालन असून तेथे भव्य चूल आहे. कोपऱ्यातील चक्राकार जिन्यापासून दोन्हीकडच्या खोल्यांकडे लाकडी सज्जे जातात. त्यांनाच ‘पोंदाले’ म्हणतात. जिन्याचा सुमारे ११ मीटर उंचीचा मध्यस्तंभ संतांच्या आकृतींनी सजलेला आहे. तागाच्या कापडाच्या व्यापारावर समृद्ध झालेल्या वर्गाची ही घरे होत. ब्रिटनीत व्यापार करू इच्छिणाऱ्या सरदाराला आपली सरदारकी काही काळ ‘निद्रिस्त’ ठेवता येत असे. रस्त्यालगत दुकान आणि आत गढीसारखे दालन, ही रचना त्या दुहेरी जीवनाशी सुसंगत आहे.

मोर्ले येथील अशाच एका घराचा जिना १९०९ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने घेतला. तेथे कोरीवकाम सुरक्षित आहे. परंतु ज्या दालनासाठी तो जिना घडवला गेला, ते त्याच्याभोवती नाही. उलट मोर्लेच्या ग्रां रू या रस्त्यावरील ९ क्रमांकाच्या घरात जिना, सज्जे व दालन यांचे परस्परसंबंध जागेवरच उमगतात.

सारांश, जतन म्हणजे केवळ सुंदर वस्तूचे किंवा प्रसिद्ध नावाचे रक्षण नव्हे. राणीच्या नावामुळे प्रेक्षक दारापर्यंत येतो, हे मान्य केले तरी आत शिरल्यावर त्याला व्यापाऱ्याचे घर दिसले पाहिजे. अन्यथा वास्तू उभी राहते आणि तिचा इतिहास मात्र हरवतो.