वृत्त आणि स्मरण : तंजावरच्या मराठी वाङ्मयातील गाव

१

गावाविषयी जे लेखन होते ते सामान्यतः दोन प्रकारचे असते. एक वृत्ताचे आणि दुसरे स्मरणाचे. तळ्यातील गाळ काढला, यंदाच्या उत्सवाला अमुक भागवत आले, धर्मशाळेचे छप्पर गळू लागले, हे झाले वृत्त. तळे पूर्वी काठोकाठ भरत असे, तसे कीर्तन पुन्हा ऐकायला मिळाले नाही, हे झाले स्मरण. वृत्त गावात राहणाऱ्याला हवे असते. स्मरण हवे असते ते गाव सोडून गेलेल्याला, किंवा गावात राहूनही ज्याचा गाव हरवला आहे अशाला. वाङ्मयविचारात या दोहोंनाही मानाचे पान मिळालेले नाही. पहिले क्षणिक म्हणून आणि दुसरे भाबडे म्हणून दूर ठेवले जाते. परंतु या दोहोंचा परस्परसंबंध फार निकटचा आहे. ज्या गावाचे वृत्त कधी काळी बारकाईने लिहिले गेले, त्याचे स्मरणही भरीव होते. ज्याचे वृत्त लिहिलेच गेले नाही, किंवा लिहिलेले वाचणारे उरले नाहीत, त्याचे स्मरण विशेषणांवर जगते.

मराठीला स्थळाचे भान नवे नाही. मुनिव्यासाच्या नावावर असलेली महानुभावांची ‘स्थानपोथी’ या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी आहे. श्रीचक्रधरांचे वास्तव्य जेथे जेथे झाले त्या स्थानांची ती नोंद आहे. कोणते देऊळ, त्याचे दार कोणत्या दिशेला, त्यापासून कोणत्या बाजूला कोणते स्थान, हे ती कोरडेपणाने सांगत जाते. आणि त्या कोरडेपणातच तिची भक्ती साठवलेली आहे. पुढे १८६३ मध्ये गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले आणि १८६८ मध्ये ना. वि. जोशी यांचे ‘पुणे शहराचे वर्णन’. मुंबई आणि पुणे या दोन शहरांना आपापला वर्णनकार वेळेवर लाभला. तंजावरला तो मराठीत लाभला नाही. १६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी घेतलेले आणि १८५५ मध्ये दुसऱ्या शिवाजीराजांच्या निधनानंतर कंपनीने खालसा केलेले हे राज्य सुमारे एकशेऐंशी वर्षे टिकले. त्याचे राजे स्वतः ग्रंथकर्ते होते, दरबार विद्वानांचा होता, दफ्तर मराठी होते. असे असता त्या मराठीत तंजावर हा गाव कोठे आहे, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

२

या प्रश्नाचे पहिले उत्तर म्हणून बृहदीश्वराच्या प्राकारातील मराठी शिलालेखाकडे बोट दाखवले जाईल. दुसऱ्या सरफोजीराजांच्या आज्ञेने, त्यांचा चिटणीस बाबुराव याच्या हातून १८०३ मध्ये तयार झालेला हा ‘भोसलेवंशचरित्रा’चा लेख विस्ताराने इतका मोठा आहे, की त्याला भिंतीवर कोरलेला ग्रंथच म्हणावे. मराठी वाचकाला त्याचा अभिमान वाटतो आणि तो अस्थानी नाही. परंतु हा लेख कोणत्या घडीला कोरला गेला हे पाहणे आवश्यक आहे. १७९९ च्या तहाने सरफोजींनी राज्याचा कारभार कंपनीच्या हाती दिला होता. त्यांची सत्ता उरली होती ती तंजावरचा किल्ला आणि त्याचा परिसर एवढ्यापुरती. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी हा वंशवृत्तांत दगडावर आला. म्हणजे तो राज्याच्या भरभराटीचा लेख नसून राज्य हातचे गेल्यावर लिहिलेला स्मरणलेख आहे. राज्य एका गावाएवढे उरले, त्या क्षणी लेखणी गावाकडे न वळता पूर्वजांकडे वळली. त्या विस्तीर्ण लेखात तंजावर येते ते घराण्याच्या प्रवासातील मुक्काम म्हणून.

त्याच देवळाच्या भिंतींवर त्याच्या आधी आठशे वर्षे कोरलेले राजराज चोळाचे तमिळ लेख आहेत. त्यांच्याशी ताडून पाहिले म्हणजे हा फरक डोळ्यांत भरतो. १०१० मध्ये पूर्ण झालेल्या या मंदिराच्या सेवेसाठी राजराजाने चारशे नर्तकी आणून वसवल्या. लेखात त्यांतील प्रत्येकीचे नाव आहे, ती कोणत्या गावच्या कोणत्या देवळातून आली ते आहे, तिला रस्त्याच्या कोणत्या ओळीतील कितवे घर दिले ते आहे, आणि तिच्या वाट्याला वर्षाकाठी किती भात यायचे तेही आहे. येथे राजा स्वतःचे वैभवच सांगत आहे, यात शंका नाही. परंतु ते सांगताना गल्ली, घर आणि माणूस ही त्याच्या हातून सुटत नाहीत. त्यामुळे हजार वर्षांनंतरही तंजावरच्या एका आळीची खानेसुमारी तमिळ वाचकाला उपलब्ध आहे. मराठी लेखाने वंश दिला, तमिळ लेखाने वस्ती दिली. दोन्ही स्मरणेच, परंतु एकाच्या पोटात वृत्त आहे आणि दुसऱ्याच्या पोटात ते जवळजवळ नाही.

३

ललित वाङ्मयाची साक्ष काढली तरी चित्र फारसे बदलत नाही. १६८४ ते १७१२ पर्यंत राज्य करणारे शहाजीराजे हे मराठीतील आद्य नाटककारांपैकी होत. विष्णुदास भाव्यांच्या १८४३ मधील ‘सीतास्वयंवरा’च्या दीडशे वर्षे आधी तंजावरच्या रंगभूमीवर मराठी नाटके होत होती, हे आता सर्वमान्य आहे. पण ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ यासारख्या नाटकांचे विषय पौराणिक आणि भूमी दैवी. शहाजीराजांच्या मनाला ज्या जवळच्या क्षेत्राची खरी ओढ होती ते तिरुवारूर आणि तेथील त्यागेश त्यांच्या वाङ्मयात उत्कटतेने येतात. परंतु ‘पल्लकीसेवाप्रबंध’ ही त्यांची त्यागेशविषयक प्रसिद्ध कृती तेलुगूत आहे. पाच भाषा एकाच नाटकात बोलवणाऱ्या या राजाने भाषांची वाटणी अजाणता केली असेल असे वाटत नाही.

सरफोजींच्या ‘देवेंद्र कोरवंजी’त ही वाटणी अधिकच स्पष्ट होते. कुरवंजी हा मूळचा तमिळ नाट्यप्रकार. भविष्य सांगणारी डोंगरची कुरत्ती त्यात येते आणि आपला डोंगर, आपले धबधबे, आपली दैवते यांचे वर्णन करते. त्रिकूटराशप्प कविरायाच्या ‘कुट्रालक्कुरवंजी’चे सारे माधुर्य या स्थानिक अभिमानात आहे. म्हणजे स्थळवर्णन हे या प्रकाराचे अलंकरण नसून त्याचा कणा आहे. सरफोजींनी तो मराठीत आणला आणि त्यांच्या कुरत्तीच्या तोंडी पृथ्वीचा भूगोल घातला. तिने आपला डोंगर सोडून खंडे आणि देश सांगितले. ख्रिस्ती मिशनरी श्वार्ट्झ यांच्या छायेत वाढलेल्या, युरोपीय विद्येने भारलेल्या राजाचे हे औत्सुक्य कौतुकास्पद आहे आणि त्या काळच्या कोणत्याही भारतीय भाषेत ते दुर्मिळ ठरावे. परंतु त्याच सरफोजींना नायक करून कोट्टैयूर शिवक्कोळुंदु देशिकरांनी तमिळमध्ये ‘सरभेंद्रभूपाल कुरवंजी’ रचली आणि ती बृहदीश्वराच्या आवारात होऊ लागली. तमिळ कवीने राजाला गावात आणले; राजाने मराठीला जगाच्या फेरीवर पाठवले.

किनाऱ्यावर सरभेंद्रराजपट्टणम् येथे उभा असलेला ‘मनोरा’ या वृत्तीचे दगडी रूप आहे. नेपोलियनच्या पाडावाप्रीत्यर्थ सरफोजींनी १८१४-१५ मध्ये हा षट्कोनी, अनेक मजली मनोरा बांधला. युरोपातील बातमी तंजावर मुलखातील कोळ्यांच्या वस्तीशेजारी वास्तू होऊन बसली. आज त्या भागातील माणसांना तो आपला वाटतो. नेपोलियनशी त्यांचे काही देणेघेणे नाही. दूरचे वृत्त विसरले गेले आणि जवळची खूण राहिली. स्थळे आपला अर्थ अशा रीतीने बदलतात, आणि हा बदल कोणत्या भाषेत नोंदला जातो यावर त्या भाषेचे त्या भूमीतील स्थान ठरते.

४

मग तंजावरच्या मराठीला गाव दिसलाच नाही काय? तो दिसला, आणि भरपूर दिसला. फक्त ज्याला वाङ्मय म्हणण्याचा प्रघात आहे त्यात तो सापडत नाही. तो मोडी दफ्तरात आहे. सरस्वती महालाच्या संग्रहातील मोडी कागदांत वाड्यातील खर्च, उत्सव, गाणाऱ्या-नाचणाऱ्यांचे वेतन, छत्रांतील अन्नदान, ग्रंथांची खरेदी, औषधशाळेचा व्यवहार अशा असंख्य गोष्टींची नोंद आहे. त्यांच्याच जोडीला धन्वंतरी महालातील नेत्ररोग्यांची इंग्रजी टिपणे आणि दुखावलेल्या डोळ्यांची रंगीत चित्रे जपून ठेवलेली आहेत. तंजावरच्या काव्यात जो सामान्य माणूस शोधूनही भेटत नाही, तो येथे आपले दुखणे घेऊन उभा आहे.

छत्रांविषयी सरफोजींनी १८०१ मध्ये कंपनीच्या रेसिडेंटास लिहिलेले पत्र याच जातीचे. रामेश्वराच्या वाटेवरील यात्रेकरूंना तेथे काय मिळते, आजाऱ्याला वैद्य, तान्ह्याला दूध, बाळंतिणीला आसरा, वाटेत मेलेल्याला अग्नी अशी व्यवस्था त्यात क्रमाने सांगितली आहे. छत्रे आपल्या ताब्यात राहावीत ही त्यामागची विनंती. गमावण्याची भीती येथेही आहे. पण तिने लेखकाला गहिवर आणला नाही, तपशील आणला. १८०३ च्या शिलालेखाहून हे पत्र वाङ्मयीन दृष्ट्या सरस आहे, असे म्हणायला हरकत नसावी.

हे वृत्त दफ्तरातून बाहेर का आले नाही? साधनांची उणीव होती असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच सरफोजींनी देवनागरी छापखाना उभारला आणि इसापाच्या कथांचे मराठी रूपांतर ‘बालबोधमुक्तावली’ तेथे छापले गेले. मुंबईत ‘दर्पण’ निघाले ते ६ जानेवारी १८३२ रोजी. त्यानंतर दोन महिन्यांनी, ७ मार्चला, सरफोजी निवर्तले. छापखाना पाव शतक आधी असूनही तंजावरला ‘दर्पण’ निघाले नाही, कारण वृत्तपत्राला जो वाचक लागतो तो तेथे मराठीत नव्हता. मराठी ही वाड्याची, दफ्तराची आणि काही हजार घरांची भाषा होती. रस्ता तमिळ बोलत होता. दफ्तरातील वृत्त राजासाठी होते. गावाने गावाला सांगावे असे ते नव्हते.

५

१८५५ नंतर या भाषेचे दफ्तरही मिटले. घरात मराठी, बाजारात तमिळ, कचेरीत इंग्रजी अशी त्रिस्थळी यात्रा तंजावरी मराठी कुटुंबांच्या वाट्याला आली. १८२८ मध्ये कुंभकोणला जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे येथे दिवाण झाले. त्यांच्यासारख्यांचे कर्तृत्व इंग्रजीतून प्रकट झाले. कीर्तनाचा वारसा मात्र जिवंत राहिला, पण तमिळच्या घरी. तंजावरच्या कृष्ण भागवतांनी (१८४७-१९०३) मराठी कीर्तनाची मांडणी, साकी, दिंडी यांसारखी वृत्ते तमिळ हरिकथेत अशी मुरवली, की ती परकी वाटेनाशी झाली. मद्रासला १९१२ मध्ये निघालेल्या महरट्टा एज्युकेशन फंडासारख्या संस्थांनी विखुरलेल्या समाजाला आधार दिला. वृत्ताची भाषा राहिली नाही, तेव्हा मराठी स्मरणाची भाषा झाली.

हे स्मरण दोन ठिकाणी लिहिले जाते. एक तंजावरच्या मराठी घरांत आणि दुसरे महाराष्ट्रात. महाराष्ट्रातील लेखक तंजावरला जातो, बृहदीश्वराची भिंत पाहतो, सरस्वती महालाला वंदन करतो आणि दक्षिणेतील मराठी पराक्रमाच्या खुणा म्हणून सारे नोंदवून परततो. त्याच्या लेखनात गावाला वर्तमानकाळ नसतो. ज्या वाड्यात ग्रंथालय आहे त्याच्या दाराशी बसणारा फुलवाला त्याला दिसत नाही, कारण तो तमिळ बोलतो. हे स्मरण नसून मालकीचा दावा आहे. आणि जे कधी गमावलेले नसते, कारण ते कधी आपले म्हणून जगलेलेच नसते, त्याविषयीचा शोक कृत्रिम होतो.

घरच्या स्मरणाची गोष्ट वेगळी. त्यात शिवगंगेचे तळे, राजवीथी, सर्जा माडी ही नावे माहितीपुस्तकातून येत नाहीत, चालण्यातून येतात. ‘माडी’ हा शब्द मराठी की तमिळ, हे तेथे कोणी विचारीत नाही. तो दोन्हीकडे सारखाच नांदतो. दबीरकुळम् हे रस्त्याचे नाव घ्यावे. शिवकालीन अष्टप्रधानांतील पद आणि तळ्याचा तमिळ शब्द एकमेकांना धरून आजही पत्त्यात लिहिले जातात. अशा एका नावात जेवढे तंजावर आहे तेवढे अनेक गौरवपर प्रकरणांत नाही. परंतु घरचे स्मरणही विशेषणांच्या आहारी जाऊ शकते. त्याची कसोटी ‘स्थानपोथी’नेच सांगून ठेवली आहे : दार कोणत्या दिशेला होते? जी आठवण या प्रश्नाला उत्तर देते ती वाङ्मयाच्या उंबरठ्यावर आली. जी केवळ पूर्वीचे दिवस थोर होते एवढेच सांगते ती उंबरठ्याबाहेरच राहिली.

येथे एक शंका संभवते. वाङ्मयाची कक्षा हिशेबाच्या कागदांपर्यंत ताणली तर कशालाही वाङ्मय म्हणावे लागेल. शंका रास्त आहे. परंतु मराठीने बखरींना आणि पत्रांना वाङ्मयेतिहासात घेतले ते त्यांच्यातील जिवंत गद्यासाठीच. तंजावरच्या दफ्तराला तोच न्याय लावून पाहण्यापूर्वी ते वाचले गेले पाहिजे, आणि अडचण नेमकी तेथे आहे. १९८१ मध्ये तंजावरला स्थापन झालेल्या तमिळ विद्यापीठाने निवडक मोडी कागदांची तमिळ भाषांतरे टिपणांसह खंडशः प्रसिद्ध केली. म्हणजे मराठीत लिहिलेला गावाचा रोजचा व्यवहार आज तमिळ वाचकाला मराठी वाचकापेक्षा अधिक सहज वाचता येतो. यात खंत करण्याजोगे काही नाही. ज्या गावाचे ते वृत्त, त्या गावाच्या भाषेत ते पोचले, हे उचितच झाले. खंत असलीच तर मराठी समीक्षेच्या उदासीनतेची. मोडी वाचणारे आणि तमिळ जाणणारे अभ्यासक एकत्र बसले, मूळ कागद आणि त्यांची तमिळ भाषांतरे शेजारी ठेवून वाचली गेली, तर तंजावरचे वर्णन मराठीला अजूनही मिळू शकेल. तंजावरच्या मराठीने सर्वांत चांगले गद्य वैभवासाठी लिहिले नाही. तांदूळ, दूध आणि औषध यांच्या हिशेबासाठी लिहिले. ते वाचल्यावाचून त्या गावाविषयी हळहळण्याचा अधिकार कोणालाही पोचत नाही.