सैल बाह्यांचा सार्जंट

बीबीसीच्या ‘डॅड्स आर्मी’ या विनोदी दूरचित्रवाणी मालिकेतल्या सार्जंट विल्सनचा गणवेश नीट पाहा. बाह्यांची बटणं उघडीच असतात. वेशभूषाकाराची ही नजरचूक नव्हे. विल्सन साकारणाऱ्या जॉन ल मेझरर यांनी ती बटणं ठरवून तशी ठेवली होती. हात हलला की कापड जरासं लोंबतं, आणि पलटणीला शिस्त लावायची ज्याच्यावर जबाबदारी, त्यालाच शिस्तीचं काही पडलेलं नाही, हे एक शब्दही न बोलता कळून जातं.

दुसरं महायुद्ध, इंग्लंडच्या किनाऱ्यावरचं एक काल्पनिक गाव, लढायला न गेलेल्या म्हाताऱ्यांची आणि पोरसवद्यांची होमगार्ड तुकडी. बँकेचा मॅनेजर मॅनरिंग तिचा कॅप्टन, त्याचा हेडक्लार्क विल्सन सार्जंट. १९६८ ते १९७७ या काळात ऐंशी भाग झाले. गमतीचं मूळ वर्गभेदात आहे: साहेब कष्टाने वर चढलेला, कारकून मात्र खानदानी, महागड्या शाळेत शिकलेला. लेखक जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट यांच्या पात्रयोजनेला एक उलटी किनारही होती. मॅनरिंग झालेले आर्थर लोव्ह युद्धात सार्जंट मेजर होते, तर ल मेझरर रणगाडा दलात कॅप्टन. युद्धाची शेवटची वर्षं त्यांनी हिंदुस्थानात काढली होती.

हुकूम सोडायची वेळ आली की विल्सन जवानांना विनंती करतो, तेही जेवायला बसा म्हणावं तितक्या अदबीने. पण त्याची खरी कामगिरी दुसरा बोलत असताना चालू असते. मॅनरिंग छाती काढून बेत सांगतो, विल्सन त्याच्या खांद्यामागे उभा. पापण्या अर्धवट मिटतात, बोटं कपाळाकडे जातात, नजर दूर कुठेतरी निघून जाते. मग हे शहाणपणाचं होईल का, अशी हळुवार शंका येते. वाक्याचा शेवट तो कधी ठामपणे टेकवत नाही, हवेत सोडून देतो. त्या सुटलेल्या शेवटावरच मॅनरिंग भडकतो, कारण विरोध झालाय हे सिद्ध करायला त्याच्या हाती काही लागत नाही. प्रेक्षक हसतात लोव्ह यांच्या संतापाला. तो संताप पेटवतो मात्र विल्सन.

१९७०च्या एका भागात विल्सनला बढती मिळते: दुसऱ्या शाखेत मॅनेजर, शिवाय लष्करी अधिकारपद. एवढ्यात बॉम्ब पडतो आणि ती शाखाच उरत नाही. मोठ्याने रडून-ओरडून हा प्रसंग सहज खेचता आला असता. ल मेझरर यांनी तो खालमानेने केला, म्हणून तो जिव्हारी लागतो.

मालिका सुरू झाली तेव्हा ते छप्पन्न पार केलेले नट होते. वकिलीची उमेदवारी सोडून १९३३ मध्ये ते नाट्यशाळेत गेले, मग शंभराहून अधिक चित्रपटांत डॉक्टर, न्यायाधीश, लष्करी अधिकारी झाले, बहुतेक वेळा मोजक्या मिनिटांपुरते. आत्मचरित्राच्या नावातही त्यांनी स्वतःला मिळेल ते काम करणारा नटच म्हटलं. ही नम्रता मी पूर्ण खरी मानत नाही.

कारण ‘ट्रेटर’. डेनिस पॉटर यांच्या १९७१ च्या या दूरदर्शन नाटकात ते मॉस्कोत पळून गेलेले, दारूत बुडालेले ब्रिटिश हेर एड्रियन हॅरिस आहेत; पाश्चात्त्य पत्रकार मुलाखतीला आलेत. सभ्यता तीच, मऊ आवाज तोच, फक्त आता त्या सभ्यतेआड देशद्रोह लपलेला. विल्सनच्या ज्या मार्दवावर आपण लोभावलो, तेच इथे भीती घालतं. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्तम दूरचित्रवाणी अभिनेत्याचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. विनोदी नटाने गंभीर भूमिका केली म्हणून कौतुक झालं, असं म्हणणं उथळपणाचं आहे. हत्यार एकच होतं, धार तेवढी उलटी धरली.

चेहरा एवढा बोलका, मग रेडिओवर काय उरणार? भरपूर उरलं. बीबीसी रेडिओच्या १९८१ च्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये ते म्हातारा बिल्बो आहेत. दमलेला, लाडिक, मधूनच कावेबाज वाटणारा हा आवाज वय न ओरडता वय ऐकवतो. लहान मुलांसाठीच्या ‘बॉड’ या टीव्ही मालिकेचं निवेदनही त्यांचंच.

शेवटी विल्सनही रेडिओवर परतला. १९८१ साली ‘इट स्टिक्स आउट हाफ अ माइल’चा पहिला नमुना भाग ध्वनिमुद्रित झाला. युद्ध संपलंय, विल्सन बँक मॅनेजर झालाय, आणि समुद्रातल्या धक्क्याच्या डागडुजीसाठी कर्ज मागायला समोर बसलाय साक्षात मॅनरिंग. एप्रिल १९८२ मध्ये लोव्ह गेले, त्यामुळे कथा बदलून इतर पात्रं आणावी लागली. मालिका नोव्हेंबर १९८३ मध्ये सुरू झाली. त्याच महिन्याच्या १५ तारखेला, एकाहत्तराव्या वर्षी, ल मेझररही गेले. त्या दोघांचा तो नमुना भाग कुठे मिळाला, तर आवर्जून ऐका.