निवड आणि शागिर्दी : पर्नच्या ड्रॅगनस्वारांविषयी

फारसी-उर्दू दास्तानांच्या वाचकाला 'अझदहा' परका नाही. फिर्दौसीच्या 'शाहनाम्या'त रुस्तमच्या सात मोहिमांपैकी तिसऱ्या मोहिमेत अझदहा येतो आणि रुस्तमच्या हातून मारला जातो. त्या लढाईत रुस्तमला साथ देतो तो त्याचा घोडा रख्श. हा रख्श रुस्तमने स्वतः पारखून घेतलेला आहे. घोड्याच्या पाठीवर पंजा दाबायचा आणि जो त्या भाराने वाकणार नाही तो आपला, अशी ती पारख. म्हणजे स्वार निवडतो, वाहन निवडले जाते. आणि अझदहा हा मारण्यासाठीच असतो. अॅन मॅकॅफ्री या लेखिकेने या दोन्ही गोष्टी उलट्या केल्या. त्यांच्या कथाविश्वात अझदहाच वाहन आहे, आणि स्वाराची पारख तो करतो.

मॅकॅफ्री (१९२६-२०११) जन्माने अमेरिकन. १९७० पासून त्या आयर्लंडमध्ये राहिल्या. 'वेअर सर्च' ही त्यांची दीर्घकथा १९६७ साली 'अॅनालॉग' मासिकात आली आणि १९६८ साली तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला. कथालेखनासाठी हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. याच कथेतून 'ड्रॅगनफ्लाइट' (१९६८) ही कादंबरी आणि पुढे पर्न ग्रहाची मोठी मालिका उभी राहिली. पर्नच्या आकाशातून ठराविक काळाने 'थ्रेड' नावाचे तंतू पडतात. जमिनीवर पडले की ते सारी हिरवळ फस्त करतात. ड्रॅगन अग्निदगड चघळून ज्वाला फेकतात आणि हे तंतू हवेतच जाळतात. शांत झालेल्या ज्वालामुखींच्या विवरांत ड्रॅगन आणि त्यांचे स्वार राहतात. या वस्तीला 'वेअर' म्हणतात. नव्या ड्रॅगनचा शिकाऊ स्वार तो 'वेअरलिंग'. आपल्या भाषेत शागिर्दच म्हणू.

शागिर्द होण्याचा क्षण मॅकॅफ्री यांनी फार प्रभावीपणे रंगवला आहे. तापलेल्या वाळूवर अंडी मांडलेली असतात, भोवती उमेदवार उभे असतात. अंडे फुटते, ओले पिल्लू धडपडत बाहेर येते आणि त्या साऱ्यांतून एकाला निवडते. त्या क्षणापासून दोघांची मने जोडली जातात. स्वार मेला तर सहसा ड्रॅगनही जगत नाही. ड्रॅगन गेला तर स्वार अर्धा उरतो. 'द स्मॉलेस्ट ड्रॅगनबॉय' (१९७३) या कथेतला कीव्हन हा सर्वांत लहानखुरा उमेदवार. बेटर्ली नावाचा दांडगा मुलगा त्याला सतत छळतो. शेवटी त्याच्याशी झालेल्या झटापटीत कीव्हनचा पाय मोडतो. तरीही अंडी फुटण्याची चाहूल लागताच तो अंथरुणातून उठतो, लंगडत, फरफटत वाळूवर पोहोचतो. आणि साऱ्यांना डावलून कुणाला तरी शोधत फिरणारे कांस्य रंगाचे पिल्लू त्याच्यापाशी येऊन थांबते. अमेरिकेतील शालेय वाचनमालांत ही कथा घेतली गेली, यात नवल नाही. वर्गातल्या मागच्या बाकावरच्या प्रत्येक मुलाची ती कथा आहे.

पण ही कथा नीट वाचली तर एक प्रश्न उभा राहतो. पर्नमध्ये ड्रॅगनांची रंगानुसार उतरंड आहे. सोनेरी ही राणी. तिच्याखालोखाल कांस्य, मग तपकिरी, निळे आणि सर्वांत खाली, संख्येने सर्वांत जास्त असलेले हिरवे. वेअरचे नेतृत्व कांस्य ड्रॅगनच्या स्वारांकडे जाते. दुबळ्या कीव्हनला न्याय द्यायचा म्हणून लेखिका त्याच्या पदरात कांस्य ड्रॅगन टाकते. म्हणजे लहान मुलाला मोठे बक्षीस मिळते. पण बक्षिसांची उतरंड आहे तशीच राहते. कीव्हनला हिरवा ड्रॅगन मिळाला असता, आणि तरीही त्याचा आनंद तेवढाच खरा वाटला असता, तर ती कथा अधिक धाडसी झाली असती असे म्हणावे लागेल.

दुसरी उणीव शिक्षणाबाबतची. निवड हा चमत्कार. शागिर्दी ही मेहनत. पिल्लू सतत भुकेले असते. त्याच्यासाठी मांसाचे तुकडे करायचे, ते भरवायचे. अंग भराभर वाढते, कातडी ताणते, खाजते. तिला रोज तेल चोळायचे. खोगिराचे पट्टे स्वतः तयार करायचे. सर्वांत कठीण विद्या म्हणजे 'बिटवीन'ची, एका जागेवरून दुसऱ्या जागी पोहोचवणारा तो काळा, गोठवणारा मधला अवकाश. जायचे ठिकाण मनात लख्ख दिसले नाही, तर स्वार आणि ड्रॅगन कायमचे नाहीसे होतात. हे सारे तपशील मालिकेत विखुरलेले आहेत. पण 'ड्रॅगनफ्लाइट'मध्ये लेसा ही नायिका रामोथ या राणीला भेटते आणि पुढच्या भागात रामोथ वाढलेलीच दिसते. मधली वर्षे लेखिकेने जवळजवळ ओलांडली आहेत. शिकणे सविस्तर येते ते 'द व्हाइट ड्रॅगन' (१९७८) मध्ये. पण तेथील जॅक्सम हा जन्माने सरदार, आणि त्याचा पांढरा रूथ हा साऱ्या ग्रहावर एकमेव. अपवादाची शागिर्दी आपल्याला वाचायला मिळते, चारचौघांची नाही.

ही चारचौघांची शागिर्दी लिहिली ती वाचकांनी. आधी टपालाने चालणाऱ्या मंडळांत आणि १९९० च्या दशकापासून संगणकावरील लिखित खेळांत पर्नच्या चाहत्यांनी आपापली वेअर वसवली. येथे कोणी लेसा होत नाही. प्रत्येक जण स्वतःचे पात्र घडवतो : कोळ्याची मुलगी, चांभाराचा पोरगा, पळून आलेला नोकर. त्याची हकिकत लिहून अर्ज करायचा, उमेदवार म्हणून भांडी घासण्याचे, राखण करण्याचे प्रसंग इतरांबरोबर लिहायचे, आणि मग अंडी फुटण्याचा दिवस. त्यानंतर धडे : तेल, पट्टे, पहिले उड्डाण, बिटवीनची पहिली उडी. मूळ मालिकेने जिथे पान उलटले तिथे हे लेखक महिनोन्महिने रेंगाळतात. साहित्य म्हणून त्यातले बरेचसे कच्चे आहे. ठराविक विशेषणे, ठराविक अश्रू, पोरक्या नायकांची गर्दी. तरी या लेखनाने मूळ कथेला न पडलेले प्रश्न सोडवले आहेत, हे मान्य करावेच लागेल.

पहिला प्रश्न उतरंडीचा. बहुतेकांना कांस्य किंवा सोनेरी हवा असतो. पण सगळेच सरदार झाले तर फौज कुठली? त्यामुळे मंडळांना मोठ्या रंगांवर मर्यादा घालावी लागली आणि हिरव्या-निळ्यांच्या कथा लिहाव्या लागल्या. हिरवा ड्रॅगन लहान, पण चपळ. लढाईत त्याच्याशिवाय भागत नाही. ज्याला दुय्यम ठरवले होते त्याच्या डोळ्यांनी वेअर पाहण्याची दृष्टी अशा लेखनातून आली. स्त्रियांचेही तेच. सुरुवातीच्या पुस्तकांत स्त्रीला राणीचीच स्वार होता येते. 'द व्हाइट ड्रॅगन'मध्ये मिरिमला लढाऊ हिरवा ड्रॅगन लाभतो ती गोष्ट अपवादाची ठरते. अनेक मंडळांनी तो अपवाद नियम करून टाकला. पात्रे आणि कथासूत्रे यांबाबत लेखिकेने चाहत्यांवर बरीच वर्षे कडक अटी घातल्या होत्या. पुढे त्या सैल झाल्या. त्या अटींच्या चौकटीत राहूनही वाचकांनी मूळ जगाचा न्याय थोडा रुंद केला.

दुसरा प्रश्न अधिक बोचरा. जो वाळूवर उभा राहिला आणि ज्याच्याकडे एकही पिल्लू आले नाही, त्याचे काय? पुस्तकात तो घोळक्यातला एक बिननावाचा मुलगा असतो. मंडळात मात्र त्याच्यामागे एक खरा माणूस असतो, आठवडेच्या आठवडे त्या पात्रासाठी लिहीत आलेला. काही मंडळांनी प्रत्येकाला ड्रॅगनची हमी दिली. काहींनी रिकाम्या हाताने परतण्याची शक्यता ठेवली. हमी दिली की निवडीला अर्थ उरत नाही; आणि परत पाठवायचे तर त्या परतणाऱ्यासाठी कथा शिल्लक असली पाहिजे. तशी कथा खुद्द मॅकॅफ्री यांनीच लिहून ठेवली आहे. 'ड्रॅगनसाँग' (१९७६) मधील मेनोलीला मुलगी म्हणून बाप गाऊ देत नाही. ती घर सोडते आणि ड्रॅगनस्वार न होता पर्नच्या गायक-वादकांच्या विद्यालयात शागिर्द होते. तिला कोणी वाळूवर निवडलेले नाही. तिची विद्या हीच तिची निवड. माझ्या मते साऱ्या मालिकेतले शागिर्दीचे सर्वांत सच्चे चित्र मेनोलीचे आहे, कीव्हनचे नव्हे.

अशा खेळांना पोरखेळ म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. पण दास्तानही एका माणसाची कधीच नव्हती. सांगणारे बदलत गेले, ऐकणाऱ्यांच्या मागणीने उपकथा वाढत गेल्या, आणि बादशहाच्या शेजारी अय्यारालाही जागा मिळाली. पर्नच्या वाचकांनी तेच केले. मूळ लेखिकेने त्यांना चमत्कार दिला. त्यांनी त्याच्यामागची रोजची मेहनत लिहिली. ड्रॅगन कोणाला मिळतो यापेक्षा मिळाल्यानंतर दुसऱ्या दिवशी पहाटे मांस कापायला कोण उठतो, या प्रश्नाचे उत्तर मूळ मालिकेपेक्षा या कच्च्या, अनामिक लेखनात अधिक सापडते. चांगल्या कथेने वाचकासाठी एवढी रिकामी जागा सोडली, हे मॅकॅफ्री यांचे अपयश की मोठेपण, हे वाचकाने ठरवावे. मी त्याला मोठेपण मानतो.